शिवी तोंडात बसली, म्हणून भाषा बिघडते का?

वाचकांच्या शंका

मागच्या अंकात या सदरात पत्राच्या मायन्यांविषयी लिहिले होते. त्यावर एका वाचकाने कळवले की, ‘तीर्थरूप’ आणि ‘चिरंजीव’ राहू द्या, घरात आणि मोबाइलवर जी भाषा चालू आहे तिच्याविषयी काही बोला. त्यांच्यासारखीच आणखीही पत्रे आली. त्यांतली चार येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा मित्रांशी फोनवर बोलताना त्याच्या दर वाक्यात ‘भेंडी’ आणि मधूनमधून त्याहून वाईट शब्द ऐकू येत होते. माझे वडील निवृत्त मराठी शिक्षक आहेत. त्यांचे म्हणणे असे की, ज्याच्याजवळ शब्द नसतात तोच शिव्या देतो आणि एकदा सवय लागली की होते तेवढे शब्दही जातात. हे खरे आहे का? — एक पालक, नाशिक

उत्तर : आपल्या वडिलांचे मत फार जुने आहे आणि जगभर आहे. अमेरिकेतील क्रिस्टिन जे आणि टिमथी जे या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमके तेच तपासून पाहिले आणि २०१५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत साधी होती. एखादे अक्षर द्यायचे आणि त्या अक्षराने सुरू होणारे जितके शब्द एका मिनिटात आठवतील तितके सांगायला लावायचे. तसेच एका मिनिटात प्राण्यांची नावे. आणि तसेच एका मिनिटात येतील तितक्या शिव्या. शब्द तोकडे पडतात म्हणून माणूस शिव्यांकडे वळत असता, तर ज्यांना शिव्या भराभर सुचल्या त्यांना बाकीचे शब्द अडखळत सुचायला हवे होते. घडले उलटेच. ज्यांना इतर शब्द भरपूर सुचले त्यांना शिव्याही भरपूर सुचल्या.

येथे एक गोष्ट नजरेआड करू नये. या चाचणीने शिव्या किती ठाऊक आहेत हे मोजले, दिवसातून किती वेळा दिल्या जातात हे मोजले नाही; शिवाय ती इंग्रजी बोलणाऱ्यांवर झाली होती. त्यामुळे शिव्या दिल्याने शब्दसंग्रह वाढतो असा सोयीचा अर्थ चिरंजीवांनी यातून काढू नये. वडिलांच्या वाक्याचा पूर्वार्ध मात्र या कसोटीवर टिकत नाही, एवढे म्हणता येते.

उत्तरार्ध, म्हणजे शिव्यांनी उरलेले शब्दही जातात हे म्हणणे, मला आणखी एका कारणाने पटत नाही. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन ज्यांची वाचा गेली अशा काही रुग्णांना पाण्याचा पेला मागता येत नाही, पण शिवी स्पष्ट उच्चारता येते, हे वैद्यांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. फ्रेंच कवी बोदलेअर याला १८६६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर त्याच्या तोंडी एक छोटा शिवीवजा उद्गार तेवढा उरला. ज्याने आयुष्यभर शब्द पारखून वापरले त्याचे सारे शब्द गेले आणि तो एक उद्गार राहिला. आपण विचार करून वाक्य जुळवतो ती क्रिया निराळी आणि ठेच लागताच तोंडून निघते ती निराळी, असे यावरून दिसते. एकीच्या वापराने दुसरीची जागा कमी होते असे मानायला मला आधार सापडत नाही.

तरीही आपली अस्वस्थता निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तिचे कारण आपण ऐकलेल्या त्या ‘भेंडी’तच आहे. हा शब्द म्हणजे हिंदीतल्या बहिणीवरच्या एका शिवीला दिलेले भाजीचे सोंग. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत तो आता शिवीचे कामही करत नाही; तो बोलण्यातला स्वल्पविराम झाला आहे. ‘भेंडी, काय पेपर होता भेंडी!’ हे वाक्य घ्या. पेपर अवघड होता की सोपा, लांबलचक होता की अभ्यासक्रमाबाहेरचा, बोलणाऱ्याला धक्का बसला की आनंद झाला, यातले काहीही त्या वाक्यात नाही. समोरचा मित्र त्याच परीक्षेला बसला होता, म्हणून त्याला सारे कळते. तोच मजकूर आजोबांना सांगायचा झाला, तर एकही उपयोगी शब्द हाताशी नाही. नुकसान झाले असेल तर ते येथे, आणि त्याला शिवीचा अश्लीलपणा कारण नाही. ‘भारी’, ‘जबरदस्त’ आणि ‘अप्रतिम’ हे सभ्य शब्दही अगदी तेच नुकसान करतात. वृत्तवाहिन्यांनी ‘थरार’ या शब्दाचे जे केले आहे, ते पाहून आपल्या वडिलांना भेंडी परवडली असे वाटेल.

तेव्हा परीक्षा घ्यायचीच असेल तर अशी घ्यावी. मुलाला आजोबांजवळ अर्धा तास बसवावे आणि वसतिगृहातल्या एखाद्या भांडणाची हकिगत सांगायला लावावी. शिवी न देता, पण भांडणाची धार न घालवता त्याला ती सांगता आली, तर त्याच्याकडे दोन बोली आहेत आणि कोणती कोठे वापरायची याची समजही आहे. हे भाषिक कौशल्यच आहे. तो अडखळला, तर शिव्या बंद करायला सांगून काही साधणार नाही. त्याला शब्द हवे आहेत, आणि ते देणारे शिक्षक घरातच आहेत.

त्याला सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. इंग्लंडमधील कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये ६७ विद्यार्थ्यांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावले. एकदा त्यांनी शिवी पुटपुटायची आणि एकदा टेबलाचे वर्णन करणारा साधा शब्द म्हणायचा. शिवी देताना हात अधिक वेळ पाण्यात राहिला. या संशोधनाला पुढच्या वर्षी हसू आणणाऱ्या संशोधनासाठीचे इग्नोबेल पारितोषिकही मिळाले. पण २०११ च्या पुढच्या प्रयोगात असे आढळले की, ज्यांच्या तोंडी दिवसभर शिव्या असतात त्यांना हा लाभ कमी होतो. रोज वापरलेल्या सुरीची धार जाते, तसेच हे आहे.

प्रश्न : पूर्वीची मराठी सोज्ज्वळ होती, शिव्या हिंदी चित्रपटांतून आणि आता मोबाइलवरच्या मालिकांतून आल्या, असे आमच्या वाचक मंडळात सर्वांचे मत पडले. आपले काय मत आहे? — एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : काही शिव्या हिंदीतून आल्या हे खरे आहे. पण मराठीला त्या उसन्या घेण्याची गरज होती, असे मानणे हा आपल्या पूर्वजांवर अन्याय होईल.

मुंबईत परळ येथे सापडलेला एक शिलालेख आहे. शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळातला, शके ११०९ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा. दानाचा सारा मजकूर संस्कृतात आहे. शेवटी, जो कोणी ही आज्ञा मोडील त्याला शाप देण्याची वेळ आली, तेव्हा लिहिणाऱ्याने संस्कृत बाजूला ठेवले आणि तो मराठीत उतरला. ते वाक्य आज्ञा मोडणाऱ्याच्या आईविषयी आणि गाढवाविषयी आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लिखित वाक्यांमध्ये त्याची गणना होते आणि आज या सदरात ते जसेच्या तसे छापता येणार नाही. फुल्या घालाव्या लागतील.

अशा शिळांना ‘गधेगाळ’ म्हणतात. यातला ‘गाळ’ म्हणजे ‘शिवीगाळ’ या शब्दातलाच, शिवी या अर्थाचा. कोकणात, गोव्यात आणि घाटावरही त्या उभ्या दिसतात. वर चंद्र आणि सूर्य असतात, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान राहील. मध्ये लेख आणि खाली तो शाप कोरून दाखवलेले चित्र. शेताच्या बांधावर उभा राहणारा माणूस बहुधा निरक्षर असे, त्यालाही चित्र पाहून कळावे अशी ही व्यवस्था. शिवी येथे राजमुद्रेसारखी वापरली आहे: एकदाच, दानपत्राच्या शेवटी आणि पूर्ण विचार करून. तिची सारी ताकद त्या विरळपणात आहे. माझी तक्रार आहे ती दुसऱ्या गोष्टीविषयी. गुन्हा दान लुबाडणाऱ्याचा आणि शिक्षा त्याच्या आईला. आठशेहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्या शिव्यांनी हा नेम बदललेला नाही.

आपल्याच जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, वाजंत्रीच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. ‘बोरीचा बार’ म्हणून हा प्रकार प्रसिद्ध आहे. ठरलेली वेळ संपली की शिव्याही संपतात. शिमग्याच्या बोंबांचेही असेच: वर्षाचे मोजके दिवस, गावाची संमती, आणि रंगपंचमीनंतर सगळे पुन्हा रामराम करायला मोकळे.

बायकांच्या शिव्यांचा विषय निघालाच आहे, तर त्यांचा नमुना पाहण्यासारखा आहे. ‘तुझं तळपट होवो’, ‘मसणात जा’, ‘तुला पटकी येवो’, ‘मेल्या’, ‘मुडद्या’. यात मरण आहे, रोगराई आहे, कुळाचा नाश आहे. शरीरसंबंध जवळजवळ नाही. पटकी म्हणजे कॉलरा. गावेच्या गावे तिने ओस पाडलेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या तोंडून ती शिवी बाहेर पडली होती. आज ती ऐकणाऱ्या मुलाला पटकी म्हणजे काय हे विचारावे लागते. आपल्या मंडळाने एखाद्या बैठकीत ज्येष्ठ सभासद बायकांकडून अशा शिव्या उतरवून घेतल्या, तर भाषेचे मोठे काम होईल. हसू आवरायची तयारी मात्र ठेवावी.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप गटाचा मी प्रशासक आहे. पार्किंगच्या वादात एका सभासदाने दुसऱ्याला आईवरून शिवी लिहिली. आता काही सभासद म्हणतात की, सौंदाळे गावाप्रमाणे आपणही दर शिवीला ५०० रुपये दंड ठेवू. काहींना वर्ज्य शब्दांची यादी हवी आहे. शिव्यांमुळे चर्चा खरोखर बिघडते का आणि यातला कोणता उपाय योग्य ठरेल? — एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

उत्तर : यादीपासून सुरुवात करू, कारण ती सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत लवकर फसते. समजा, आपण यादीत ‘भाड्या’ हा शब्द घातला आणि यंत्राला तो सापडेल तेथे गाळायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी लिहील, ‘तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने देणे आहे’, आणि तो निरोप गडप होईल. ‘साला’ घातला, तर घरगुती मसाला विकणाऱ्या सभासद भगिनींचा व्यवसाय बुडेल. हा विनोद नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावच्या लोकांना एका मोठ्या इंटरनेट कंपनीची खाती उघडता येईनात, कारण गावाच्या नावात एका शिवीची अक्षरे लागोपाठ येतात. उलट, ज्याला शिवी द्यायची आहे तो रोमन लिपीत लिहील, मध्ये एक फुली टाकेल किंवा ‘भेंडी’सारखे नवे सोंग शोधेल.

मराठीतील द्वेषमूलक मजकूर संगणकाला ओळखता यावा म्हणून पुण्यातील एल३क्यूब या गटाने २०२२ मध्ये २५,००० हून अधिक मराठी ट्वीट गोळा करून त्यांचे चार वर्ग केले: द्वेषपूर्ण, अपमानकारक, निव्वळ शिवराळ आणि यांपैकी काहीही नसलेले. यातला शिवराळ आणि द्वेषपूर्ण यांमधला फरक आपल्या गटासाठी फार कामाचा आहे. ‘च्यायला, आज पुन्हा लिफ्ट बंद!’ हे शिवराळ आहे, पण ते कोणाच्याही विरुद्ध नाही. उलट ते वाचून दहा जण ‘हो ना’ म्हणतील. याच्या शेजारी हे वाक्य ठेवून पाहावे: ‘आपल्यासारख्या विद्वानांना नियमावली वाचण्याची गरज पडत नसावी, विशेषतः भाडेकरूंना.’ यात एकही वर्ज्य शब्द नाही. सर्वनामसुद्धा आदरार्थी आहे. आणि या वाक्यानंतर पार्किंगविषयी कोणी एक अक्षर बोलणार नाही. मालक आणि भाडेकरू असे दोन तट पडतील.

अशा बोलण्याने वाचणाऱ्याचे मत कसे सरकते याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या वापराविषयीचा एकच तटस्थ लेख ११८३ लोकांना वाचायला दिला. काहींच्या लेखाखाली सभ्य प्रतिक्रिया होत्या, काहींच्या लेखाखाली त्याच मुद्द्यांना माणसाला मूर्ख ठरवणाऱ्या शब्दांची जोड दिलेल्या. उद्धट प्रतिक्रिया वाचणाऱ्यांची मते अधिक टोकाला गेली: आधी अनुकूल असलेले अधिक अनुकूल झाले, प्रतिकूल असलेले अधिक प्रतिकूल. लेखातले एक अक्षरही बदललेले नव्हते. म्हणजे भांडणाऱ्या दोघांवरच नव्हे, तर मुकाट्याने वाचणाऱ्या शंभरांवरही त्याचा परिणाम होतो, आणि आपल्या गटात तेच बहुसंख्य असतील.

समोरासमोरच्या भांडणात शिवीबरोबर चेहरा असतो, आवाज असतो, आणि ‘बरं, चहा घे’ म्हणून मध्ये पडणारा शेजारी असतो. पडद्यावर ती एकटीच उरते, रात्री दोन वाजताही तशीच दिसते आणि तिची छायाचित्रे दुसऱ्या गटांत फिरतात. शिवाय ती पसरते. डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारचित्रफितींखालच्या प्रतिक्रियांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एकाने शिवी लिहिली की तिच्याखाली उत्तर देणाऱ्यांतही शिव्यांचे प्रमाण वाढते, असे त्यात दिसले. पण माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान याहून साधे आहे. ज्याला शिवी मिळाली त्याला आता मुद्द्याला उत्तर देण्याचे कारण उरत नाही. शिवी देणाऱ्या सभासदाचे म्हणणे कदाचित रास्तही असेल, पाहुण्यांच्या गाड्या खरोखरच त्याच्या जागेवर लागत असतील. पण आता चर्चा त्याच्या जागेची नाही, त्याच्या तोंडाची आहे. शिवीने त्याचाच दावा बुडवला.

आता दंडाविषयी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील सौंदाळे गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ५०० रुपये दंडाचा ठराव केला, हे आपण वाचले आहेच. त्या ठरावात मला महत्त्वाचे वाटले ते असे की, त्याने सरसकट अपशब्दांवर बोट ठेवले नाही. आई-बहिणीवरून दिलेल्या शिव्यांवर ठेवले, कारण त्यांनी स्त्रियांचा अवमान होतो. गधेगाळीच्या त्या जुन्या नेमाला एका गावाने हरकत घेतली, असे मी त्याकडे पाहतो. पण ग्रामसभा म्हणजे एकमेकांना रोज पाहणारी माणसे. आपल्या संस्थेत दंड कोणत्या उपविधीखाली आणि कोण वसूल करणार, यावरच पुढचे सहा महिने नवी भांडणे चालतील.

मला विचाराल तर नियम एकच ठेवावा: राग परिस्थितीवर काढण्यास हरकत नाही; माणसावर, त्याच्या घरच्यांवर, जातीवर किंवा भाडेकरूपणावर काढल्यास निरोप हटवला जाईल आणि तोच मुद्दा पुन्हा, तेवढा भाग वगळून, लिहिण्यास सांगितले जाईल. हे पुन्हा लिहायला लावणे महत्त्वाचे आहे. निरोप नुसता हटवला तर त्या सभासदाला वाटेल की आपली तक्रार दडपली. जातिवाचक उल्लेख असेल तर मात्र हा गटाच्या शिस्तीचा प्रश्न राहत नाही; अनुसूचित जाती-जमातींसाठीचा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. बाकीच्या शिव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी एका वेबमालिकेच्या खटल्यात म्हटले आहे की, शिवराळ भाषा आणि कायद्याच्या अर्थाने अश्लीलता या एक नव्हेत, कारण हे शब्द बोलणाऱ्याच्या मनात बहुधा राग किंवा वैताग असतो, त्यांचा शब्दशः अर्थ नसतो. कोणाला चिथावण्यासाठी हेतुपुरस्सर केलेला अपमान मात्र नव्या न्याय संहितेच्या कलम ३५२ खाली गुन्हा ठरू शकतो. शब्दापेक्षा हेतूला महत्त्व, हे कायद्यालाही मान्य आहे.

प्रश्न : ‘च्यायला’ ही शिवी आहे की नाही? आमच्या घरात यावर मतभेद आहेत. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ती ‘तुझ्या आईला’ या वाक्याची झिजून राहिलेली सुरुवात आहे. क्रियापद इतक्या वर्षांपूर्वी गळून पडले की ते कोणते होते हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. ‘च्यामारी’चीही जात तीच. कोकणातल्या ‘आयचा घो’ याचा शब्दशः अर्थ तर ‘आईचा नवरा’ एवढाच होतो, म्हणजे वडील; तरीही तो चारचौघांत म्हटला की माना वळतात. झिजलेल्या शिवीचे असेच असते: बोलणाऱ्याला ती उद्गार वाटते आणि एखाद्या ऐकणाऱ्याला तिचे मूळ अजून टोचते. त्यामुळे आपल्या घरातले दोन्ही पक्ष बरोबर आहेत. निकाल घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या कपाळावरच्या आठीवरून लावावा. माझ्या आजीसमोर हा शब्द उच्चारण्याची आम्हा भावंडांपैकी कोणाची छाती झाली नाही. ती स्वतः मात्र दूध उतू गेले की पातेल्याला ‘मुडद्या’ म्हणत असे.